४०० डॉलर, तिघं जण आणि पहिली सेमी-ऑटो रायफल

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: डॅलसजवळ राहता, तुमचं आणि वहिनींचं ग्रीन कार्ड झालंय, मुलगा १४ वर्षांचा आहे, आणि तिघांनी मिळून रेंजवर नेमबाजी शिकावी म्हणून पहिली सेमी-ऑटो रायफल घ्यायची आहे. बजेट ४०० डॉलर. दुकानात गेलात तर एकाच रायफलचे सहा-सात प्रकार काउंटरवर मांडले गेले: कार्बाइन, स्पोर्टर, टार्गेट, टॅक्टिकल, टेकडाउन. शेजारी काळीभोर एआर-१५, लष्करी रायफलीसारखी दिसणारी. शेवटी काहीच न घेता परत आलात. चांगलं केलंत, कारण पहिली रायफल दुकानातल्या मांडणीवरून निवडली की ती बहुधा कपाटातच राहते.

मी रेंजवर नवशिक्यांना रायफल शिकवतो. लोक काय घेऊन येतात, त्यांतलं काय वर्षभरानंतरही वापरात असतं आणि काय दोन-चार महिन्यांत विकायला निघतं, हे डोळ्यांसमोर घडतं. त्या अनुभवावरून सांगतो की ‘कोणतं मॉडेल’ हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा. आधी विचारायचं ते हे: ही रायफल घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या खांद्याला बसते का? आणि महिन्याला किती गोळ्या झाडणं तुम्हाला परवडणार आहे? तुमचा हेतू कागदी निशाण्यावर सराव करण्याचा आहे असं धरून मी लिहितोय. टेक्सासात रानडुकरांची शिकार करायची असेल किंवा घराच्या संरक्षणाचा विचार असेल, तर पुढचं बरंचसं लागू होत नाही. त्याची गणितं वेगळी आहेत.

सुरुवात गोळीपासून करू, कारण बजेटचा खरा निकाल तिथे लागतो. तिघं जण एका दुपारी सहज ३०० गोळ्या झाडतात. एआर-१५ बहुतेक वेळा .२२३ किंवा ५.५६ ची गोळी खाते आणि ती सध्या साधारण ४५ ते ६० सेंटला एक पडते. .२२ लाँग रायफल, म्हणजे आपल्याकडे एनसीसीत ज्याला सगळे पॉइंट टू-टू म्हणतात ते काडतूस, ७ ते १० सेंटला मिळतं. एका दुपारचे दीडशे डॉलर की तीस, एवढा हा फरक आहे. महिन्यातून दोनदा गेलात तर वर्षाअखेरीस .२२३ वर झालेल्या खर्चात रायफल, दुर्बीण आणि कपाट असं सगळं पुन्हा आलं असतं. भाव वर-खाली होतात, पण दोन्हींतलं हे अंतर गेली कित्येक वर्षं फारसं मिटलेलं नाही.

पैशांइतकंच मोठं दुसरं कारण आहे. नवशिक्याला आधी आवाजाची आणि धक्क्याची भीती वाटते. ती एकदा मनात बसली की चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि नळी खाली झुकते. ही सवय मोडायला महिने जातात. .२२ ला धक्का जवळजवळ नाहीच, त्यामुळे मुलगा पहिल्या दिवसापासून माशीकडे, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेकडे, बघत चाप ओढायला शिकतो. म्हणून माझं पहिलं मत ठाम आहे: पहिली रायफल .२२ चीच घ्या. एआर पुढे कधी घ्यावीशी वाटली तर घ्या. तोवर हात तयार झालेला असेल.

.२२ ला खेळणं मात्र समजू नका. हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय. त्याची चिमुकली चाळीस ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) शिशाची गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते आणि काडतुसांच्या खोक्यांवर तसा इशाराही छापलेला असतो. कुणाच्या शेतात, झाडाला डबा टांगून नेम धरायचा बेत असेल तर मागे मातीचा भक्कम उंचवटा हवा. झुडपं म्हणजे आडोसा नव्हे.

आता सेमी-ऑटो आत काय करते ते समजून घ्या, म्हणजे दुकानदाराची अर्धी भाषा सोपी होते. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. रिकामं पुंगळं बाहेर फेकणं, पुढचं काडतूस आत ढकलणं आणि हातोडी पुन्हा चढवणं ही कामं रायफल स्वतः करते. दुसऱ्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावाच लागतो. .२२ च्या बहुतेक सेमी-ऑटो रायफलींत यासाठी सगळ्यात साधी पद्धत वापरलेली असते, तिला ब्लोबॅक म्हणतात. बोल्ट, म्हणजे काडतुसाच्या मागचा मागेपुढे सरकणारा ठोकळा, कुठेही अडकवून बंद केलेला नसतो. तो नुसत्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोरावर पुंगळ्यामागे टेकलेला असतो. गोळी पुढे जाताना त्याच दाबाने पुंगळं बोल्टला मागे ढकलतं. हे चालतं, कारण .२२ चा दाब कमी आहे: कमाल २४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). .२२३ चा कमाल दाब ५५,००० आहे, म्हणून एआरमध्ये बोल्ट दात्यांनी बंद होतो आणि तो उघडायला नळीतला वायू वापरावा लागतो. भाग वाढतात आणि किंमतही वाढते.

या साध्या रचनेची एक अट असते. बोल्ट पूर्ण मागे जायला गोळीत पुरेसा जोर हवा. आवाज कमी म्हणून घेतलेल्या सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या, गोळ्यांवर पुष्कळ सेमी-ऑटो अडतात: पुंगळं अर्धवट बाहेर येऊन बोल्टमध्ये उभं अडकतं. नवीन रायफलीला पहिल्या काही शे गोळ्या तरी नेहमीच्या हाय-व्हेलॉसिटीच्या, म्हणजे जास्त वेगाच्या, द्या. सीसीआय कंपनीची ४० ग्रेनची मिनी-मॅग ही गोळी माझ्या बघण्यात जवळजवळ सगळ्या रायफलींत चालते. ती थोडी महाग आहे. त्यामुळे एक खोकं त्याचं घ्या, बाकी स्वस्तातल्या दोन-तीन कंपन्यांचं थोडं थोडं घ्या आणि तुमच्या रायफलीला कोणती मानवते ते बघा. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींची आवड वेगळी निघते.

आता उमेदवार. या किमतीत मुख्य नाव एकच आहे: रुगर १०/२२. ही १९६४ साली आली आणि आजही बनते आहे. साधी कार्बाइन साडेअठरा इंची नळीची, वजन पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलो. तिची खासियत आहे ते दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन. .२२ च्या पुंगळ्याला मागे कड असते. सरळ पेटीत ती काडतुसं एकावर एक ठेवली की कडा एकमेकींत अडकतात आणि गोळी नीट चढत नाही. रुगरने आत दातेरी चक्र बसवलं, त्यात प्रत्येक काडतूस आपापल्या खाचेत बसतं आणि मॅगझिन दस्त्याच्या (खांद्याला टेकणारा लाकडी किंवा प्लास्टिकचा भाग) बाहेरही येत नाही. नळी रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या सांगाड्याला, दोन स्क्रूंनी धरलेली असते, त्यामुळे ती, चाप, दस्ता, काहीही घरच्या घरी बदलता येतं आणि या रायफलीसाठी सुट्या भागांचा बाजार अफाट आहे. दुकानातला भाव साधारण ३०० च्या आत-बाहेर असतो.

तिच्यात खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. कंपनीचा चाप जड आणि किरकिरा असतो. बोल्ट मागे अडकवायची चिमटी चापाच्या पुढे आहे, ती नवशिक्याला सापडत नाही. रिसीव्हर मागून बंद असल्याने साफसफाईची सळई तोंडाकडून घालावी लागते आणि हलगर्जीपणा केला तर नळीच्या तोंडाची कड खराब होते. म्हणून सळईऐवजी दोरीचा ब्रश वापरा, तो मागून पुढे ओढता येतो.

दुसरी मार्लिन मॉडेल ६०. १९६० पासूनची, एक कोटीहून जास्त बनलेली, अचूक आणि एकेकाळी सर्वांत स्वस्त. मार्लिन हे नाव रेमिंग्टनच्या दिवाळखोरीनंतर २०२० मध्ये रुगरने घेतलं. मॉडेल ६० आता जुन्या बाजारात शोधावी लागते. नेमाला ती साध्या १०/२२ पेक्षा कमी नाही, कित्येकदा सरस असते. तरीही मी ती तुम्हाला सुचवणार नाही, आणि कारण गोळ्या भरायच्या पद्धतीत आहे. तिचं मॅगझिन नळीखाली लांब पाइपसारखं असतं. आतली पितळी कांडी वर ओढायची आणि एकेक गोळी फटीतून सोडायची. त्या वेळी हात नळीच्या तोंडाजवळ जातात. रिकामी करताना एखादं काडतूस पाइपमध्ये अडकून राहू शकतं. जाणत्या माणसाला याचं काही नाही. तीन नवशिके एका बाकावर असतील तर मला मॅगझिन काढून बाकावर ठेवलेलं, बोल्ट उघडा आणि चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं दिसायला हवं. सुटं मॅगझिन असेल तर एका नजरेत समजतं.

सॅव्हेज ६४ कॅनडातल्या लेकफील्डला बनते, तिला दहा गोळ्यांचं सुटं मॅगझिन असतं आणि ती २०० च्या आसपास मिळते. ब्राझीलमध्ये बनणारी रॉसी आरएस२२ याहून थोडी स्वस्त पडते. दोन्ही कामाच्या आहेत. पैसे खरोखर ताणलेले असतील तर सॅव्हेज घ्या आणि वाचलेले शंभर डॉलर गोळ्यांत घाला. नेमबाजी शिकण्यात तुम्ही मागे पडणार नाही. मात्र पाच वर्षांनी चाप बदलावासा वाटला, दस्ता लांब करावासा वाटला, तर १०/२२ सारखी सोय तिथे नाही.

राहिली स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२. दिसायला आणि हाताळायला हुबेहूब एआर, पण गोळी .२२ ची. वरचं-खालचं दोन्ही अंग पॉलिमरचं, वजन साडेपाच पौंडांच्या आत आणि दस्ता मागेपुढे सरकतो. हा सरकता दस्ता तुमच्यासारख्या घराला फार उपयोगी: वहिनींना एक लांबी, मुलाला दुसरी, तुम्हाला तिसरी. दोन खिळ्या ढकलल्या की रायफल उघडते आणि मागच्या बाजूने साफ होते. अडचण फक्त किमतीची. ती ४०० च्या वर जाते आणि मग गोळ्यांना काही उरत नाही.

आता तुमच्या गोंधळाचं मूळ, ते सहा-सात प्रकार. आधी हे लक्षात घ्या की १०/२२ च्या सगळ्या प्रकारांत आतलं यंत्र तेच आहे: तोच बोल्ट, तेच मॅगझिन. बदलतात ते नळीची लांबी-जाडी, दस्त्याचा आकार आणि नेम धरायची साधनं. दिसण्यात जमीन-अस्मानाचा फरक असला तरी गोळी झाडण्याची क्रिया एकच.

कार्बाइन ही मूळ रायफल. साडेअठरा इंची बारीक नळी, साधा लाकडी किंवा काळा प्लास्टिकचा दस्ता, वर माशी आणि मागे घडी होणारी खाच. सगळ्यात हलकी आणि बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त. स्पोर्टर म्हणजे तीच रायफल शिकारी घाटात: चांगल्या लाकडाचा, हाताला पकड यावी म्हणून कोरलेला दस्ता आणि पट्टा अडकवायला कड्या. काही वर्षांच्या स्पोर्टरला लांब नळी मिळते. लांब नळीने .२२ चा वेग फारसा वाढत नाही, कारण या काडतुसातली दारू सोळा-एक इंचांत जवळजवळ जळून जाते. फायदा होतो तो माशी आणि खाच यांच्यातलं अंतर वाढल्याचा. उघड्या साइटवर नेम धरताना चूक लवकर दिसते. दुर्बीण लावणार असाल तर तो फायदाही उरत नाही. दस्ता पार नळीच्या तोंडापर्यंत नेलेला इंटरनॅशनल नावाचा प्रकारही अधूनमधून दिसतो. देखणा आहे, पण नेमाला त्याने काही मिळत नाही.

टार्गेट प्रकारात नळी जाड असते, सुमारे ०.९२ इंच. वजन साडेसात पौंडांच्या आसपास जातं. उघडी साइट नसते, दुर्बीण घ्यावीच लागते. बाकावर टेकून बसलात तर ही रायफल सुंदर चालते. तुमचा मुलगा ती उभ्याने धरून दहा गोळ्या झाडायला लागला की सहाव्या गोळीला नळी थरथरू लागेल. ‘टार्गेट’ हे नाव वाचून लोक ही नवशिक्यासाठी घेतात आणि तिथेच फसतात.

टॅक्टिकलमध्ये नळी आखूड, सोळा इंचांपेक्षा किंचित जास्त, आणि तोंडाशी फ्लॅश सप्रेसर, म्हणजे ज्योत दाबणारं टोपण. रायफलीची नळी सोळा इंचांहून आखूड झाली की ती १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येते आणि संघीय नोंदणी लागते, म्हणून हा आकडा सगळीकडे दिसतो. तोंडावरचं ते टोपण .२२ वर शोभेपुरतंच आहे, कारण एवढ्या लांबीतून ज्योत बाहेर फारच थोडी येते. इथेच एक धोक्याची गोष्ट सांगतो. चार्जर नावाची आखूड १०/२२ मिळते. ती कायद्याने पिस्तूल आहे आणि तिला खांद्याचा दस्ता नसतो. मुलासाठी छोटी बरी म्हणून ती घेऊन दस्ता जोडलात तर नोंदणीविना आखूड नळीची रायफल तयार केल्याचा गंभीर संघीय गुन्हा होतो. तिच्या वाटेला जाऊ नका.

टेकडाउन २०१२ मध्ये आली. मधोमध एक खटका दाबून फिरवलं की रायफलीचे दोन तुकडे होतात आणि पाठीवरच्या पिशवीत मावतात. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना, छोट्या तिजोरीत ठेवणाऱ्यांना हा प्रकार खरंच सोयीचा आहे. त्यात एक बारीक मेख आहे. माशी आणि खाच दोन्ही नळीवरच असतात, त्यामुळे कितीदा सोडून जोडली तरी उघड्या साइटचा नेम जागचा हलत नाही. दुर्बीण मात्र रिसीव्हरवर बसते आणि नळी दर वेळी वेगळी होऊन परत जोडली जाते. जोडावरची कडी नीट घट्ट केलेली नसेल तर नेम थोडा सरकतो. टेकडाउन घ्यायची असेल तर उघड्या साइटवर शिका.

आणि तुम्हाला दाखवलाच गेला नाही असा एक प्रकार: कॉम्पॅक्ट. नळी सोळा इंचांहून जराशी जास्त आणि दस्ता आखूड. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतच्या अंतराला लेंग्थ ऑफ पुल म्हणतात. साध्या कार्बाइनमध्ये ते साडेतेरा इंचांच्या आसपास असतं, कॉम्पॅक्टमध्ये इंचभर कमी. इंचभराने काय होणार असं वाटेल. दस्ता लांब पडला की मूल मागे रेलतं, रायफलीचं सगळं वजन डाव्या हातावर येतं, गाल दस्त्यावर टेकत नाही आणि डोळा माशीच्या रेषेत येत नाही. मग प्रत्येक गोळी वेगळीकडे जाते आणि ‘मला जमत नाही’ म्हणून मूल रायफल खाली ठेवतं.

दुकानात हे तपासायची सोपी रीत आहे. दुकानदाराला विचारून, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला धरायची. मुलाने कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचं आणि तर्जनी सरळ पुढे करायची. बोटाचं पहिलं पेर चापाशी येत असेल तर लांबी ठीक. बोट चापापर्यंत पोचतच नसेल तर दस्ता लांब आहे. हे तिघांनीही करून बघा. मोठ्या माणसाला थोडा आखूड दस्ता चालवून घेता येतो, लहानाला लांब चालत नाही. १४ वर्षांचा मुलगा दोन वर्षांत तुमच्या उंचीला येईल, हेही लक्षात घ्या. तो आत्ताच उंच असेल तर साधी कार्बाइन. लहानखोर असेल तर कॉम्पॅक्ट घ्यावी, आणि पुढे मोठा दस्ता वेगळा घेता येतो. काही दस्त्यांना मागे चकत्या घालून लांबी वाढवायची सोय असते, तसा मिळाला तर उत्तम.

तुमच्या मनात मुलाला ऑलिंपिकच्या वाटेने न्यायचं असेल तर थांबा. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तिथेही काडतूस .२२ चंच असतं, पण त्या रायफली बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर वेळी बोल्ट हाताने ओढून एकेक गोळी भरायच्या. ती वाट ज्युनियर क्लब आणि १० मीटर एअर रायफलपासून सुरू होते. सेमी-ऑटोचा तिथे उपयोग नाही.

तुमच्या हेतूला जुळणारी गोष्ट म्हणजे प्रोजेक्ट ॲपलसीड या नेमबाजी शिकवणाऱ्या अमेरिकी उपक्रमाचे शनिवार-रविवारचे वर्ग. ते २५ मीटरवर घेतात आणि तिथे सगळ्यात जास्त दिसते ती १०/२२. चाळीस गोळ्यांची चाचणी असते, उभ्याने, बसून आणि झोपून. २५० पैकी २१० गुण मिळाले की रायफलमन म्हणतात. मधल्या दोन फेऱ्यांत वेळेच्या आत मॅगझिन बदलावं लागतं, म्हणून दोन मॅगझिन आणि हाताला बांधता येईल असा पट्टा हवा. पाइपवाली मार्लिन इथे मागे पडते.

आता हिशेब. कार्बाइन २८० ला मिळाली असं धरा. तुमच्याकडचा सव्वाआठ टक्के विक्रीकर मिळवून ३०३. कानाला मफ्स आणि डोळ्यांना चष्मे, तिघांचे मिळून ५०. पाचशे गोळ्या ४५. झाले ४००. दुर्बीण यात बसत नाही आणि आत्ता नकोही. पहिले काही महिने उघड्या साइटवर काढा. चाळिशीनंतर माशी धूसर दिसते हे खरं, तेव्हा तुमच्यासाठी पुढे साधी दुर्बीण घ्या. यात कुलूपबंद लोखंडी कपाटही बसत नाही, आणि ते मात्र टाळता येणार नाही. त्याचे शंभर-सव्वाशे वेगळे काढा, किंवा रायफल सॅव्हेज घेऊन वाचलेल्या पैशांत कपाट आणा. रायफलीबरोबर केबल-कुलूप बहुधा मिळतं, पण घरात १४ वर्षांचा मुलगा आणि त्याचे मित्र असताना मी नुसत्या केबलवर विसंबणार नाही. टेक्सासात भरलेलं शस्त्र निष्काळजीपणे ठेवलं आणि ते १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर तो गुन्हा आहे. मोठ्यांच्या देखरेखीखाली रेंजवर वापरणं त्यात येत नाही. गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ल्या तुमच्या दोघांकडे.

जुनी रायफल घ्यायला हरकत नाही. नळीच्या तोंडाची कड बोट फिरवून आणि प्रकाशात धरून बघा, ओरखडा नको. मार्लिन असेल तर आतला प्लास्टिकचा बफर पिवळा पडून तडकलेला असतो, तो बदलून घ्या. अनोळखी माणसाकडून घेताना व्यवहार परवानाधारक दुकानातून करा. थोडी फी पडते पण तपासणी होते.

कायद्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो, कारण हे वाचणारे पुष्कळ जण व्हिसावर असतील. तुम्ही दोघं कायम रहिवासी आहात, त्यामुळे १८ वर्षं पूर्ण असली की परवानाधारक दुकानातून रायफल घेता येते. फॉर्म ४४७३ हा संघीय खरेदी-अर्ज भरायचा, त्यात ग्रीन कार्डावरचा यूएससीआयएसचा नंबर द्यायचा आणि दुकान एनआयसीएस या संघीय तपासणी यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासतं. एच-वन, एच-फोर, एफ-वन किंवा बी-टू अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला मात्र संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायची मनाई आहे. अमेरिकेत मिळालेला वैध शिकार परवाना असणं हा मुख्य अपवाद. आणि ‘बाळगणं’ यात रेंजवर भाड्याची रायफल हातात घेणंही येऊ शकतं. आई-बाबा भेटीला आले की त्यांना हौसेने रेंजवर नेऊन फोटो काढले जातात. तसं करू नका, एका फोटोपायी व्हिसा अडचणीत येऊ शकतो. एच-वनवरच्या मित्रासाठी आपल्या नावावर रायफल घेणं तर सरळ गुन्हा आहे.

टेक्सासबाहेरच्यांनी आपल्या राज्याचा कायदा खरेदीच्या आधी ताजा तपासावा. न्यू जर्सीत आधी फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड हे तसंच ओळखपत्र. वॉशिंग्टन राज्यात २०१८ च्या मतदानानंतर .२२ सकट प्रत्येक सेमी-ऑटो रायफलीला २१ वर्षांची अट आणि प्रशिक्षण आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२२ पासून सेमी-ऑटो रायफल घ्यायला वेगळं लायसन्स लागतं आणि सुटं मॅगझिन असलेल्या सेमी-ऑटोला पिस्तूल-ग्रिप, सरकता दस्ता किंवा फ्लॅश सप्रेसर यांतलं एकही चालत नाही, मग ती .२२ असली तरी. म्हणजे तुमच्याकडे नुसता दिसण्याचा असलेला फरक तिथे कायदेशीर-बेकायदेशीर ठरवतो. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्कमध्ये दहाहून जास्त गोळ्यांची मॅगझिनही विसरा. आणि भारतात परत जायचं ठरलं तर रायफल सामानात येणार नाही. आर्म्स ॲक्टखाली परवाना आणि आयातीची परवानगी दोन्ही लागतात, तेव्हा निघण्याआधी इथेच दुकानात विकावी लागेल.

एकंदरीत माझी शिफारस: १०/२२ कार्बाइन, मुलाच्या कोपराच्या मापाने जमत नसेल तर कॉम्पॅक्ट, हात फारच आखडता असेल तर सॅव्हेज ६४. घेण्याआधी एकदा रेंजवर भाड्याने १०/२२ आणि एम अँड पी १५-२२ दोन्ही तिघांनी चालवून बघा. मुलाच्या हातात दुसरी फारच चांगली बसली, तर दोन महिने थांबून पैसे साठवा आणि तीच घ्या.

पहिल्या दिवशी मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा. ती झाडली की मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे अडकवायचा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून खात्री करायची. तिघांनी हे न सांगता करेपर्यंत दुसरी गोळी नको. चाप ओढला आणि आवाज झाला नाही तर नळी निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा; .२२ मध्ये फुसकी गोळी अधूनमधून निघतेच. परत आल्यावर काही खाण्याआधी साबणाने हात धुवा, शिसं बोटांवर असतं, आणि रेंजचे कपडे मुलाच्या शाळेच्या कपड्यांबरोबर मशिनमध्ये टाकू नका.